वळवाचं पाणी



मे महिन्यात उन्हं कलली की त्र्यंबकच्या डोंगरांवर ढग चढायला लागतात. दिवसभर तापलेली जमीन, समुद्रावरून आलेली दमट हवा आणि तिला वर ढकलणारा घाट, एवढं जुळलं की वळीव आलाच. जव्हार-मोखाड्यातल्या शेतकऱ्याचा जीव तेव्हा राबात अडकलेला असतो. शेण, पालापाचोळा, गवत अंथरून, वर माती पसरून त्यानं राब भाजलेला असतो. नागली-वरईचं बी तिथंच पेरायचं. पण उतारावरून गढूळ लोंढा आला की राख, माती सगळं ओहोळात जातं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच.

तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर एका हेक्टरवर 5 लाख लिटर पाणी पडतं. आपला डोंगर कातळाचा, वर मातीचा पातळ थर. झाडोरा असेल तिथं पाणी जरा रेंगाळतं, उघड्या माळावर ठरतच नाही. म्हणून तर पावसाळ्यात जिथं धबधबे कोसळतात, त्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. वळीव पडूनही विहीर भरत नाही. उलट आहे ते पाणी गढूळ होतं आणि बाया हंडे घेऊन ते निवळायची वाट बघत बसतात.

शहरात हेच पाणी घरात शिरतं, कारण काँक्रीट म्हणजेही कातळच. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री गडगडाटी पावसानं पुण्याचा आंबिल ओढा वस्त्यांत घुसला, माणसं वाहून गेली. 2025 च्या मे महिन्यात मुंबईत वळवाच्या सरींमागोमाग 26 तारखेला मोसमी पाऊसही येऊन ठेपला, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी. त्या महिन्यात कुलाब्याला झालेल्या पावसानं मे महिन्यातल्या पावसाचा 1918 चा विक्रम मोडला. वरळीचं नवंकोरं भुयारी मेट्रो स्थानक पाण्याखाली गेलं.

याच मुंबईची तहान भागवणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याला आहे. मोखाड्यानं मुंबईला पाणी पाजावं आणि मोखाड्याच्या बाईनं मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी, हे मला मुळीच पटत नाही.

पाणी पडतं तिथंच अडवायला हवं. शहरानं ओढ्यांची पात्रं मोकळी ठेवावीत, थोडी माती उघडी राहू द्यावी. आपल्याकडे डोंगरात होळीला वीटभट्ट्यांवर कामाला गेलेली माणसं घरी येतात. त्याच वेळी ग्रामसभेनं डोंगरउतारावर सलग समतल चर, नाल्यांत दगडी बांध अशी कामं रोजगार हमीतून मागून घ्यावीत. चर वळवाच्या आत खणून झाले, तर पहिल्याच सरीचं पाणी त्यांत मुरेल. आणि त्या कामाची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला हातात पडायला हवी. ती रखडली, की माणसं सण आटोपून पुन्हा भट्टीवर जातात आणि चर कागदावरच राहतात.