पेल्याखालची गोळी कोणाची?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस भाषणाची आज्ञा केली, परंतु विषय काही दिला नाही. केंद्र सरकारच्या चाकरीत केस पांढरे झालेल्या माणसास विषयावाचून बोलण्याचा सराव असतो, अशी कार्यकारिणीची समजूत असावी. विषय आम्हांस दिला तो एका चिमुरडीने. गेल्या गणेशोत्सवात मुलांसाठी आम्ही आमचा नेहमीचा तीन पेल्यांचा खेळ केला. आपण सर्वांनी तो पाहिलेला आहे. काहींनी तर इतक्या वेळा की ते आता केवळ सौजन्यापोटी टाळ्या वाजवतात. तीन पेले उपडे ठेवावयाचे. चिंध्यांच्या गोळ्या एकाखालून नाहीशा होऊन दुसऱ्याखाली निघावयाच्या. आणि शेवटी पेले उचलावेत तो खाली पिवळीजर्द लिंबे! खेळ संपल्यावर त्या मुलीने विचारले, "काका, हा खेळ तुम्ही शोधून काढला?" आणि मंडळी, आम्ही "हो" म्हणून मोकळे झालो.

असत्य एका अक्षराचे. पण त्याने आमची झोप मोडली. प्रश्न छळू लागला की जुनी फाइल मागवावी, ही सरकारी माणसाची रीत. या खेळाची फाइल मागवली तेव्हा ती जवळजवळ दोन हजार वर्षांची निघाली.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लुसिलियस या मित्रास लिहिलेल्या एका पत्रात या खेळाचा उल्लेख आहे. शब्दच्छल करणाऱ्या पंडितांची तुलना तो वाट्या आणि खडे घेऊन बसणाऱ्या खेळियांशी करतो. या फसवणुकीतच आनंद आहे, युक्ती कळली की गोडी संपली, असा त्याचा अभिप्राय. त्या वाट्या म्हणजे रोमन लोकांच्या जेवणातील शिरक्याच्या लहान वाट्या. पुढे अल्सिफ्रॉन या ग्रीक लेखकाच्या काल्पनिक पत्रांत शहरात आलेला एक शेतकरी हाच खेळ पाहून थक्क होतो आणि म्हणतो की, असला माणूस आपल्या शेतावर न येवो. तो डोळ्यांदेखत सारे लांबवील आणि कोणाच्या हाती लागणार नाही. परगावी येऊन भांबावलेला हा मनुष्य आम्हांस फार जवळचा वाटला. नव्या शहरात बदली होऊन आलेला आपल्यापैकी प्रत्येकजण पहिल्या महिन्यात तोच शेतकरी असतो.

याहीपूर्वीचा पुरावा म्हणून ईजिप्तमधील बेनी हसन येथील थडग्यातल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या चित्राकडे बोट दाखवले जाते. त्यात दोन माणसे उपड्या भांड्यांपाशी बसलेली आहेत. परंतु ती हातचलाखी करीत आहेत की एखादा बैठा खेळ खेळत आहेत, हे चित्र सांगत नाही. जुनेपणाच्या मोहापायी पुराव्यावाचून श्रेय वाटू नये, एवढा धडा मात्र ते देते.

हिएरोनिमस बॉश या डच चित्रकाराच्या नावावर असलेले 'जादूगार' हे चित्र प्रसिद्ध आहे. मेजामागे जादूगार उभा, समोर पेले आणि गोळ्या, वाकून पाहणारा एक भाबडा प्रेक्षक आणि त्याच्या कमरेची थैली अलगद काढून घेणारा एक भामटा! गंमत अशी की, हे चित्र खुद्द बॉशच्या हातचे आहे की त्याच्या अनुयायाचे, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. आणि १९७८ साली फ्रान्समधील संग्रहालयातून ते चोरीसही गेले होते. पुढल्या वर्षी ते परत मिळाले. म्हणजे खेळाचा कर्ता अज्ञात, आणि खेळाच्या चित्राचा कर्ताही संशयित!

इंग्लंडात १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉट याने चेटकाच्या समजुतींवर ग्रंथ लिहून हातचलाखीच्या अनेक युक्त्या उघड केल्या, त्यांत गोळ्यांच्याही होत्या. त्यामागे गंभीर हेतू होता. चेटकिणी ठरवून माणसांना फासावर चढवण्याचा तो काळ. हाताचे कौशल्य म्हणजे सैतानाशी संगनमत नव्हे, हे त्यास पटवून द्यावयाचे होते. पुढे १६३४ साली लंडनमध्ये निघालेल्या एका लहानशा पुस्तकात पेल्यांचा खेळ सचित्र समजावून दिला आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत 'ऐंद्रजाल' आणि 'हस्तलाघव' अशी दोन वेगळी नावे आहेत. त्यावरून पेल्यांचा हाच खेळ तेव्हा होता असे सिद्ध होत नाही. पण जादू निराळी आणि हाताची सफाई निराळी, हा विवेक मात्र दिसतो. आपल्या रस्त्यावरील खेळियाचे पेले पाश्चात्त्यांहून वेगळे. ते बुटके असून माथ्यावर धरावयास बोंडी असते. खेळणारा जमिनीवर मांडी घालून बसतो. त्यास मेज लागत नाही. पेल्याची घडण बदलली की बोटांची भाषाही बदलते. मद्रासकडील रामो सामी हा कलावंत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात गेला, तेथे त्याने मोठे नाव कमावले. त्याच्या खेळांत पेले आणि गोळ्याही होत्या. १८५० साली तो लंडनमध्ये वारला, तेव्हा अंत्यविधीच्या खर्चासाठी त्याच्या पत्नीस लोकांपुढे हात पसरावा लागला. आपल्या गावापासून दूर राहिलेल्या आम्हां मंडळींना ही हकिकत वाचून काय वाटते, ते सांगावयास नको.

मग श्रेय कोणाचे? जादूगारांच्या व्यवहारात एक चांगला संकेत आहे. ते खेळ, युक्ती आणि मांडणी या तीन गोष्टी वेगळ्या मोजतात. कॅनडात जन्मलेले डाय व्हर्नन यांनी बसवलेला पेल्यांचा क्रम १९५७ साली ग्रंथात छापला गेला व पुढे कित्येकांनी तो गिरवला. पण जाणकार त्यास 'व्हर्ननची मांडणी' म्हणतात, 'व्हर्ननचा खेळ' म्हणत नाहीत. कायद्याची दृष्टीही काहीशी अशीच आहे. टेलर या अमेरिकन जादूगाराच्या, गुलाबाची सावली कापताच पाकळ्या गळून पडणाऱ्या खेळाची नक्कल झाली, तेव्हा २०१४ साली नेवाडातील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. जादूच्या युक्तीस प्रतिमुद्राधिकार मिळत नाही. पण रंगमंचावर मूकनाट्य म्हणून रचलेल्या सादरीकरणास तो मिळतो, असे त्याचे तात्पर्य.

या निकषावर आम्ही आमची स्वतःची झडती घेतली. खेळ आमचा नाही. तो कोणा एकाचाच नाही. मांडणी आमची नाही. मग आमच्या हाती तो आला कोठून?

१९९६ साली आमची बदली झाशीस झाली होती. घर मिळेपर्यंत आम्ही एकटेच होतो. रोज संध्याकाळी स्थानकाबाहेर एक वृद्ध मदारी फाटके पोते पसरून हा खेळ करी. आम्ही रोज उभे राहतो हे पाहून एके दिवशी त्याने आम्हांस शेजारी बसवले आणि पंधरा दिवस शिकवले. "बाबूजी, गोली हाथ में है, यह पहले खुद मानिए," एवढे एकच सूत्र त्याने दिले. आम्ही त्याच्या हातावर वीस रुपये ठेवले आणि व्यवहार पुरा झाला असे समजलो. पुढे दौऱ्यावरून परतलो तेव्हा ती जागा रिकामी होती. पानवाल्याकडे चौकशी करावयास गेलो, तेव्हा ध्यानात आले की आम्हांस त्याचे नावच ठाऊक नाही. पंधरा दिवस शेजारी बसलो. नाव विचारले नाही.

कचेरीत मसुदा करणारा एक आणि सही करणारा दुसरा असतो. पण तेथे निदान टिपणीवर आद्याक्षरे तरी राहतात. या माणसाची आद्याक्षरेही आमच्यापाशी नाहीत.

मंडळी, या ग्रंथात पन्नास वर्षांचे अध्यक्ष आणि चिटणीस यांची यादी छापली आहे, ती योग्यच आहे. परंतु पहिल्या वर्षी सतरंज्या कोणी वाहिल्या, परगावी उकडीसाठी तांदळाची पिठी कोठून कोणी मिळवली, कोणाच्या ओसरीवर पहिली आरती झाली, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना आजच विचारावे. रिकामी जागा पाहून मग विचारण्यात अर्थ नसतो, हे आम्ही वीस रुपयांत शिकलो.

ती मुलगी आज पुढच्या रांगेत बसली आहे. बाळ, आम्ही त्या दिवशी खोटे बोललो. हा खेळ आम्ही शोधून काढला नाही. झाशीच्या एका आजोबांनी तो आम्हांस शिकवला, आणि त्यांचे नाव विचारावयाचे आम्ही विसरलो. तू मात्र शिकशील तेव्हा विसरू नकोस.