एल्फांची तलवार, ड्वार्फांची भट्टी

एल्फ म्हटला की उंच, सडपातळ, वाकदार तलवार लीलया फिरवणारा योद्धा डोळ्यांपुढे येतो. ड्वार्फ म्हटला की दाढीवाला, बुटका, कुऱ्हाड उगारून अंगावर धावणारा गडी. २००१ ते २००३ मध्ये आलेल्या पीटर जॅक्सन यांच्या तीन चित्रपटांनी हे चित्र जगभर पक्कं केलं. ते चित्रपट मलाही आवडतात. पण जे. आर. आर. टॉल्किन यांच्या पुस्तकांतली हत्यारांची गोष्ट याहून कितीतरी खोल आहे.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली सर्वांत मोठी तलवार नार्सिल. ती माणसाच्या, म्हणजे राजा एलेंडिलच्या हातात होती. घडवली मात्र नोग्रोडच्या टेलखार या ड्वार्फ लोहाराने. एलेंडिल पडला तेव्हा ती त्याच्याखाली मोडली. मुठीशी उरलेल्या तुकड्याने त्याच्या मुलाने, इसिल्दूरने, दुष्ट साउरॉनच्या हातातली अंगठी कापून घेतली. पुढे तीन हजारांहून अधिक वर्षांनी रिव्हेंडेलच्या एल्फ लोहारांनी ते तुकडे जोडले आणि एलेंडिलचा वंशज असलेल्या अ‍ॅरागॉर्नच्या हाती ती अँदुरिल या नावाने आली. ड्वार्फाने घडवलेली, एल्फांनी सांधलेली, माणसाने चालवलेली तलवार! तीन जमातींमध्ये हेवेदावे असताना लेखकाने हा वंशवृक्ष सहज रचला असेल, असं मला वाटत नाही.

दुसरी तलवार ‘सिल्मरिलियन’मधली, याहून काळी. एओल हा एल्फ नोग्रोड आणि बेलेगोस्टला जाऊन ड्वार्फांकडून धातुकाम शिकला. आकाशातून पडलेल्या लोखंडाची त्याने अँग्लाखेल घडवली. अशा लोखंडाची हत्यारं खरीही असतात. तुतनखामेनच्या थडग्यातला खंजीर उल्केच्या लोखंडाचा आहे. एओलच्या मनातली कटुता मात्र पात्यात उतरली होती. माणसांतल्या ट्यूरिन या योद्ध्याच्या हातून, अंधारात ओळख न पटल्याने, त्याचाच जिवलग मित्र बेलेग याच तलवारीने मारला गेला. शेवटी ट्यूरिन तिच्यावर स्वतःला झोकून देतो, आणि त्याआधी ती तलवार त्याच्याशी बोलते. बोलणारी तलवार फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यातल्या कुल्लेर्वोच्या कथेतून आली. ड्वार्फ लोहारही उत्तरेकडच्या जुन्या गाथांमधले: टिर्फिंग ही शापित तलवार ड्वार्फांनीच घडवलेली.

आता लढण्याच्या रीतीकडे येतो. ‘हॉबिट’मध्ये ड्वार्फ सरदार डाइनचे सैनिक येतात, तेव्हा त्यांच्या हातात दोन हातांनी चालवायच्या जड कुदळी असतात, कमरेला आखूड, रुंद तलवार, पाठीवर गोल ढाल. कुदळ हे खाणकामगाराचं अवजार, तेच रणात आलं. ‘सिल्मरिलियन’मध्ये ग्लाउरुंग ड्रॅगन आग ओकतो, तेव्हा बेलेगोस्टचे ड्वार्फ टिकून राहतात. आगीची त्यांना सवय आणि लढाईत भयंकर मुखवटे घालण्याची त्यांची रीत. त्यांचा सरदार अझागाल ड्रॅगनच्या पायाखाली चिरडला जातानाही त्याच्या पोटात सुरा खुपसतो, आणि ग्लाउरुंग पळ काढतो. माझ्या मते ड्वार्फांच्या शौर्याचा टॉल्किनमधला हा सर्वोच्च क्षण आहे. भट्टीपुढे आयुष्य काढलेल्यांची लढण्याची रीत इथे दिसते.

एल्फांची रीत दुरून सुरू होते: धनुष्य, मग भाला. त्यांच्या राजा गिल-गालाडचं प्रसिद्ध हत्यार भालाच होता. आणि एल्फ लेगोलास? पुस्तकात तो धनुष्य आणि एक लांब, पांढरा सुरा घेऊन निघतो. तलवार त्याच्याकडे नाहीच. हेल्म्स डीपच्या लढाईत त्याची आणि ड्वार्फ गिमलीची शत्रू मारण्याची चढाओढ लागते: लेगोलासचे एक्केचाळीस, गिमलीचे बेचाळीस. शेवटच्या शत्रूच्या लोखंडी गळपट्ट्याने गिमलीच्या कुऱ्हाडीला खाच पडलेली असते. त्या खाचेमुळे लढाई खरी वाटते.

हत्यारं एका जमातीकडून दुसरीकडेही जातात. ‘हॉबिट’मध्ये ऑर्क्रिस्ट ही गोंडोलिनच्या एल्फांची तलवार ट्रोलांच्या गुहेत ड्वार्फ राजपुत्र थोरिनला सापडते. एल्फराजा त्याला कैद करून ती काढून घेतो, आणि थोरिन मेल्यावर स्वतःच त्याच्या थडग्यावर ठेवतो.

तुमच्यापैकी जे मराठीत अशा अद्भुत कथा लिहीत असतील, त्यांना माझी विनंती आहे. नायकाच्या हातात तलवार देण्याआधी तिचं लोखंड कुठून आलं, ती कोणी ठोकली आणि त्या लोहाराच्या मनात काय होतं, ते ठरवा; वार कसा करायचा ते नंतर पाहा.