जागा बदललेले मूत्रपिंड



लघवीची नळी वरच्या बाजूला फार खराब झाली, तर डॉक्टर कधी कधी मूत्रपिंडच काढून खाली ओटीपोटात बसवतात. १९६३ साली अमेरिकेच्या डॉ. जेम्स हार्डी यांनी अशा शस्त्रक्रियेची हकिकत छापली. मूत्रपिंड आपलेच, म्हणून परक्याच्या मूत्रपिंडासारखी जन्मभर औषधे लागत नाहीत. इथेच माणूस फसतो. म्हणतो, "आता कसली तपासणी?" पण जोडलेली रक्तवाहिनी पुढे अरुंद झाली, तर रक्तदाब चढतो. नळीचा जोड आवळला, की लघवी तुंबून मूत्रपिंड फुगते. आणि दुखेलच असे नाही, कारण दुखणे कळवणारे तंतू कापलेले असतात! म्हणून आम्ही सांगतो, रक्तदाब, रक्त, लघवी नि सोनोग्राफी, वर्षे लोटली तरी डॉक्टर म्हणतील तेव्हा करावी. डॉक्टर नवा असला, तर आधीच सांगावे, "माझे मूत्रपिंड ओटीपोटात आहे हो."