आगकाडी आणि व्हॉल्व्ह ट्यूब

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याची नवी रीत सुरू झाली : मुलांनी आधी प्रयोग करायचा, निष्कर्षही स्वतःच काढायचा. पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी करणारे अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन तिथं गेले आणि आठवडी बाजारातल्या वस्तूंतून त्यांना खेळणी सुचली.

त्यातलंच हे एक : गुल काढलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे घ्या. तुकड्यात दोन्हीकडून काडी खुपसली की सांधा तयार. चार काड्यांचा चौकोन दाबला की लगेच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही! चौथीच्या मुलाच्या बोटांनाच हे कळतं. सातवीत पुलाच्या कैच्यांत त्रिकोण का, हे त्याला आपोआप उमगतं. सहा काड्यांची, चार त्रिकोणी बाजूंची चौकट (चतुष्फलक) दहावीत कार्बन शिकताना काढा : चार कोपऱ्यांवर हायड्रोजन, मधोमध कार्बन, हा झाला मिथेन. फळ्यावरच्या सपाट आकृतीतून हा आकार दिसतच नाही.

शिक्षकांना कळकळीनं सांगावंसं वाटतं, उत्तर सांगायची घाई करू नका. चौकोन ताठ कसा करायचा, एवढंच विचारा. कर्णावर काडी बसवायचं मुलांनाच सुचेल. ती काडी चौकोनाच्या बाजूच्या सुमारे 1.4 पट लांब लागेल, तेवढी हाताशी ठेवा.