झाडपाल्याचं आहे, काय होतंय!

आजचा विषय आमच्या घरातूनच सुरू करतो.

आईला रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू आहे. पोट साफ होत नाही म्हणून ती रोज रात्री हिरड्याचं चूर्णही घ्यायची, दोन-दोन चमचे. जुलाब होत होते, पण 'पोट साफ होतंय' म्हणून खूश! एका सकाळी उठायला गेली तर पायात त्राणच नाही. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध घेता का?" आई म्हणाली, "नाही." मी शेजारीच उभा होतो, मीही गप्प. कारण चूर्ण आमच्या लेखी औषध नव्हतंच. रक्त तपासलं, पोटॅशियम कमी. गोळीमुळे ते लघवीवाटे जात होतं आणि चूर्णामुळे जुलाबावाटे.

आता हिरड्याला नावं ठेवायची नाहीत हं. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, त्यावर घर चालतं. पण 'भावप्रकाश' या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथातच हिरडा कुणी खाऊ नये ते सांगितलंय: अशक्त, उपासाने खंगलेला, पित्त वाढलेला माणूस आणि गरोदर बाई. म्हणजे 'झाडपाल्याला साइड इफेक्ट नाही' हे आयुर्वेदाचं म्हणणं नाही, जाहिरातीचं आहे.

गुळवेलीचंही तसंच. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, गुळवेल घेणाऱ्या 6 जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पती नीट ओळखलेली नाही, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद राहू द्या. पुडीत नेमकं काय आहे हे आपल्याला तरी कुठं कळतं?

आणि मेडिकलमधली गोळी? कांदा काढणीत अंग दुखतं म्हणून रोज डायक्लोफिनॅक घेतली, तर जठरात जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 650 च्या फार तर सहा गोळ्या. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, ते धरायचं राहून जातं.

तर एकच करा. दवाखान्यात जाताना गोळ्या, चूर्ण, काढ्याची पुडी, सगळं एका पिशवीत न्या. डोळे पिवळे झाले, शौचाला काळं झालं, अंगावर पुरळ येऊन धाप लागली, तर थांबू नका. पण रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंदही करू नका.

आईची पिशवी आता दाराच्या खुंटीला असते. तुमच्या घरातली आजच भरा. भेटू पुढच्या भागात!