पोवाड्यातली घोरपड



शिवजयंतीच्या आधीचा आठवडा होता. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत सातवीच्या वर्गाला मी तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट सांगत होतो. मावळे कड्याखाली आले, घोरपडीच्या कमरेला दोर बांधला, एवढे होईपर्यंत मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, आमच्या वाडीच्या वर कातळात घोरपडी हायत. मानसाचं वजन तिला कसं पेलंल?"

वर्ग हसला. मला काही हसता आले नाही. मुलगा उमरठच्या बाजूचा. त्या उमरठला तानाजींचे स्मारक आहे. तिथल्या पोरांना ही गोष्ट आजीच्या मांडीवरच मिळते. 'खोटी आहे' म्हणावे तर गाणे मेले, आणि 'खरी आहे' म्हणावे तर डोळ्यांनी घोरपड पाहिलेल्या पोराला मीच फसवले असे झाले. मी म्हटले, "उद्या सांगतो." शिक्षकांना हे उत्तर चांगले ठाऊक असते!

आता ही घोरपड आली कुठून? ती आपल्याला दिली पोवाड्याने. तुळशीदास शाहिराचा सिंहगडचा पोवाडा पुष्कळांनी तुकड्यातुकड्याने ऐकला असेल. त्यात जिजाबाई प्रतापगडावर आहेत आणि त्यांना तो किल्ला हवा आहे. रायबाच्या लग्नाची गडबड टाकून तानाजी निघतात. पुढे उदेभान येतो, तो काही साधा किल्लेदार नव्हे. त्याचा आहार राक्षसाचा, त्याच्या पदरी चंद्रावळी नावाचा हत्ती. मग यशवंती घोरपड. ती अर्ध्यातून माघारी फिरते, तेव्हा तानाजी तिला कापून खाण्याची धमकी देतात आणि ती निमूट वर जाते. ही सगळी अद्भुताची दुनिया झाली.

याच्या शेजारी सभासदाची बखर ठेवून पाहा. कृष्णाजी अनंत सभासद याने ती सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. तिच्यात घोरपड नाही. मावळे वानरासारखे कडा चढून गेले, एवढेच आहे. गड हाती आल्यावर पागेची खणे पेटवून राजगडाला खूण केली, असे आहे. आणि एक गड मिळाला पण एक गड गेला, अशा अर्थाचे महाराजांचे उद्गार आहेत. 'सिंहगड' हे नाव तर त्या लढाईच्या सात वर्षे आधीच्या, १६६३ सालच्या पत्रात सापडते. म्हणजे तानाजींच्या मृत्यूवरून किल्ल्याचे नाव पडले, हेही टिकत नाही.

मग पोवाडा टाकून द्यायचा का? याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. शाळेपासून दोन वाड्या पलीकडे एक म्हातारबाबा राहत. तरुणपणी मुंबईला गिरणीत होते, तिथेच चुलत्याकडून डफ शिकले. त्यांना मी वर्गात आणले आणि पोरांसमोर विचारले, "बाबा, घोरपडीचं खरं का हो?"

ते म्हणाले, "गुरुजी, रात अंधाराची. कडा सरळ. वर मानसं चढली, ही गोष्ट खरी ना? मंग दोर कुनी लावला ते बघाया कोन व्हतं? म्या कडा सांगतो. ऐकनाऱ्याला तो कडा दिसला पायजे."

आणि त्यांनी डफ उचलला.

श्रोतेहो, पोवाड्याचे संगीत म्हणजे काय, हे मला त्या दिवशी थोडे उमगले. तोवर माझी समजूत अशी की खणखणीत ओरडले म्हणजे पोवाडा झाला. शिवजयंतीला ध्वनिक्षेपकावर आपण ऐकतो तो बहुधा असलाच असतो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकच आवेश! बाबांचे तसे नव्हते. सुर मोजकेच, चार-पाच. तान नाही, हरकत नाही. शब्द स्पष्ट, कारण वाडीच्या शेवटच्या ओट्यावर बसलेल्या म्हातारीलाही कळले पाहिजे की कोण कुठे निघाला. गाणे शब्दाच्या मागून चालते, पुढे धावत नाही. ख्यालगायक एका ओळीवर अर्धा तास रमेल, पण शाहिराला पहाटेच्या आत गड घ्यायचा असतो.

ओळ संपली की मागचे झीलकरी शेवटचा शब्द उचलतात आणि 'जी जी' करून लांबवतात. आपल्याला वाटते ही नुसती सजावट. बाबा म्हणाले, "तेवढ्यात म्या दम खातो, आन् फुडली वळ आठवतो." शेकडो ओळी तोंडपाठ ठेवणाऱ्याचा सगळा कारभार त्या झीलवर चालतो. तुणतुण्याचेही तसेच. पोकळ लाकडी भांडे, तळाला कातडे, बाजूला काठी, एक तार. त्या एका तारेवर शाहिराचा सूर टिकतो आणि लयही टिकते. डफ म्हणजे लाकडी कडे आणि त्यावर ताणलेले कातडे. आमच्या कोकणात पावसाळ्यात ते सादळते, थाप भद्द लागते, म्हणून वाजवण्याआधी विस्तवावर धरून शेकायचे. पोरांना यातच सर्वांत गंमत वाटली.

परंतु खरी करामत चालबदलात. मावळ्यांची जमवाजमव बाबांनी सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखी सांगितली. कोण आला, कोणत्या गावचा आला, हातात काय. लढाईला कटाव धरला. शब्दाला शब्द लागून, मध्ये श्वासालाही जागा नाही, डफ आणि झांज दोन्ही धावतात. आणि घोरपडीच्या जागी? तिथे त्यांनी डफ जवळजवळ थांबवला. नुसती बोटे कातड्यावर फिरवली. झीलकरी नव्हते, तुणतुणे एकटेच वाजत होते. चाल एकेक पायरी वर सरकली, मध्येच खाली आली (घोरपड फिरली ना!), पुन्हा वर गेली. वर्गात चाळीस पोरे. एकही हलले नाही. तो प्रश्न विचारणारा मुलगा तर तोंड उघडे टाकून बसला होता.

पोवाड्यातला चमत्कार कुठे येतो, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? जिथे माणसाची शक्ती संपते असे ऐकणाऱ्याला वाटते, नेमका तिथे. घोरपड आहे ती कड्याच्या उंचीचे माप आहे. उदेभानाची राक्षसी भूक ही त्याला मारणाऱ्याच्या हिमतीचे माप आहे. बखर हे माप आकड्यांनी आणि हकिकतीने देते. शाहीर ते चालीने देतो. मुलाला दोन्ही मापे द्यावीत, पण कोणते कोणते, ते सांगून द्यावे.

आपल्या या दोन तालुक्यांच्या शेजारीच याचा आणखी एक दाखला आहे. पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढला की प्रतापगड. तिथे १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध झाला. त्या एका प्रसंगावर दोन कवींनी रचना केली. एक अगिनदास शाहीर, ज्याच्या पोवाड्यात बक्षिसाचा सोन्याचा तोडा आणि घोडा येतो. दुसरे कवींद्र परमानंद, ज्यांनी संस्कृतात शिवभारत रचले. परमानंदांची समाधी पोलादपुरातच आहे. रोज तिच्यावरून जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक आहे, देव जाणे. शिवभारत बत्तिसाव्या अध्यायात अपुरे राहिले आणि पोथीतच राहिले, ते १९२७ साली छापले गेले. अगिनदासाचा पोवाडा मात्र गोंधळ्यांच्या गळ्यात राहिला. १८९१ साली अॅक्वर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी असे पोवाडे गोंधळ्यांकडून मिळवून छापले, म्हणून ते आज आपल्याला वाचता येतात. पण छापला गेला तो शब्द. चाल छापली गेली नाही.

पोवाडा म्हणजे केवळ गडकिल्ले, असेही समजू नये. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांवर पवाडा रचला तो शेतकऱ्यांना त्यांचा राजा सांगण्यासाठी. अण्णाभाऊ साठ्यांनी थेट स्टालिनग्राडच्या लढाईवर रचला. आणि आपल्या महाडला चवदार तळ्यावर २० मार्चला जाऊन पाहा. १९२७ सालच्या सत्याग्रहाची हकीकत शाहीर डफावर सांगतात. ऐकणारे तिथे कुठून कुठून आलेले असतात, आणि शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचावा यासाठीची तीच जुनी युक्ती तिथेही चालते.

आता मला माझी एक चूक सांगायची आहे.

वर्गातले गाणे एवढे रंगले, तेव्हा मी ठरवले की बाबांनी शिवजयंतीच्या कार्यक्रमात गावे. कार्यक्रमपत्रिका मीच आखली होती. पाहुण्यांची भाषणे, बक्षीस समारंभ, मुलींचे लेझीम, आणि मध्ये बाबांना पाच मिनिटे. बाबांनी डफ शेकला, उभे राहिले, सुरुवात केली. पाच मिनिटांत ते उमरठलाच होते. लग्नाच्या अक्षता अजून वाटायच्या होत्या. पाहुण्यांनी घड्याळ पाहिले, आणि मी घंटा दिली.

बाबांनी डफ खाली ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, तानाजी घरीच ऱ्हायला की." लोक हसले. मीही हसलो. पुढच्या वर्षी त्यांचा आवाज गेला होता, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते नव्हते.

१९३५ साली मिलमन पॅरी नावाचा अमेरिकन अभ्यासक युगोस्लाव्हियातल्या एका गावी गेला होता. तिथे आवदो मेजेदोविच नावाचा खाटीक होता, लिहितावाचता न येणारा. आपल्या तुणतुण्यासारखेच एका तारेचे, पण गजाने वाजवायचे वाद्य त्यांच्याकडे असते. पॅरीने त्याला सांगितले, हवा तेवढा वेळ घे. आवदोने कित्येक दिवस घेऊन बारा हजारांवर ओळींची एक कथा सांगितली. ग्रीकांची महाकाव्ये कशी गायली गेली असतील, याचा विद्वानांना तिथे उलगडा झाला. मी हे वाचले तेव्हा मला ती घंटा आठवली.

त्यानंतर आम्ही शाळेत बेत बदलला. शिवजयंतीच्या सोहळ्यात नव्हे, तर साध्या शनिवारी, दप्तराविना, एका तासाला पोवाड्याचे दोन चौक. एक मुलगा सांगणारा, चार झीलकरी. हार्मोनियम घेत नाही. ती आली की मुले सुरावर जातात आणि शब्द चावतात. डफ नव्हता तेव्हा बाकावर थाप दिली, त्यानेही भागले. गाणे झाले की लगेच बखरीतला तेवढाच भाग मोठ्याने वाचायचा. मग मुले आपणहून भांडतात: हे शाहिराने वाढवले, हे बखरकाराने गाळले. एवढे इतिहासाचे भांडण मी परीक्षेच्या प्रश्नांनी कधी लावू शकलो नव्हतो. आणि हो, घोरपड पकडून आणायची नाही, हेही एकदा बजावून सांगावे लागले. कायद्याने तिला वाघाइतकेच संरक्षण आहे!

तो मागच्या बाकावरचा मुलगा पुढे आमचा सांगणारा झाला. जमवाजमव त्याला येते, कटावही येतो. चढाईची चाल मात्र बसत नाही. मी एकदाच ऐकलेली, मला ती अर्धी आठवते: वर जाते, खाली येते, पण पुन्हा वर जाते ती कोणत्या सुरावरून, तिथे आम्ही अडतो. तुमच्यापैकी कोणाच्या घरात, वाडीत, मुंबईला असलेल्या कोणा काकाकडे ती चाल शिल्लक असेल, तर त्यांना घेऊन आमच्या शाळेत या. बाबांचा डफ त्यांच्या सुनेने आम्हाला दिला आहे. वेळेचे बंधन नाही.