‘उच्चभ्रू’ : एका शब्दाचे अर्थकारण
(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



नांदेड असो वा लातूर, घरांच्या जाहिरातींत ‘उच्चभ्रू वस्ती’ हे शब्द आढळतात. धनिकांची वस्ती, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु हा शब्द मुळात धनाचा नव्हे. इंग्रजीतील ‘हायब्राऊ’चे ते भाषांतर आहे. कवटीच्या ठेवणीवरून बुद्धी व स्वभाव सांगणारे एक ‘शास्त्र’ एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत बोकाळले होते. उंच कपाळ म्हणजे तल्लख बुद्धी, ही समजूत त्याने दृढ केली. आणि विद्वान, अभिरुचिसंपन्न मनुष्य काहीशा उपहासाने ‘हायब्राऊ’ ठरला. ते शास्त्र पुढे खोटे ठरले, शब्द मात्र उरला. ‘ब्राऊ’ म्हणजे कपाळही आणि भुवईही. मराठीने भुवई, म्हणजे ‘भ्रू’, उचलली. कालांतराने विद्वत्तेची जागा श्रीमंतीने घेतली.

निजामी राजवटीत मराठवाड्यातील वरच्या वर्गाची नावे निराळी होती : जहागीरदार, देशमुख, सावकार. गावच्या बोलण्यात ते ‘गढीवरचे’ होते. ही नावे धाकाची होती, पण प्रामाणिक होती. जहागीरदार महसुलावर जगे, सावकार व्याजावर. उत्पन्नाचा उगम नावातच उघड होता. हैदराबाद संस्थानाचा सुमारे एक तृतीयांश प्रदेश जहागिरींखाली होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. शोषणाला नाव होते, म्हणून मागणीलाही नेमकेपणा होता.

‘उच्चभ्रू’ या शब्दात असे काहीच सापडत नाही. संपत्ती भूखंडांच्या चढत्या भावातून आली, कंत्राटांतून आली, की शिकवणीवर्गांच्या शुल्कातून, याविषयी तो मौन पाळतो. मिळकत झाकली जाते आणि केवळ चेहरा दिसतो. जणू श्रीमंती हा जन्मजात गुणच!

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टंचाई साऱ्या शहराची होती. पण बोअर आणखी खोल नेण्याची, टँकर विकत घेण्याची ऐपत साऱ्यांची नव्हती. हा भेद भुवईचा नव्हे, मालमत्तेचा आहे.

तेव्हा कार्यकर्त्याने हा शब्द कानी पडताच एकच प्रश्न विचारावा : ही भुवई उंचावली ती कोणाच्या श्रमावर? जहागिरी कायद्याने गेल्या. नव्या जहागिरींना आधी त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारावी लागेल.